न सापडलेले कोडे

१९३२ सालच्या ऑगस्ट महिन्यात कोपनहेगन येथे एक परिषद भरली होती. परिषद होती डॉक्टरांची. प्रकाशकिरणांनी रोग कसे बरे करावेत, याचा खल तेथे व्हावयाचा होता. भाषणासाठी मात्र बोलावले होते एका पदार्थवैज्ञानिकाला. नील्स बोर हे त्या काळी अणुविज्ञानाचे द्रोणाचार्य मानले जात. जगभरचे तरुण त्यांच्या पायाशी बसून धडे घेत. बोर बोलत ते हळू, पुटपुटल्यासारखे, आणि एकेका वाक्याला इतकी वळणे देत की ऐकणाऱ्याने धाप टाकावी. जमलेल्या डॉक्टरांच्या पदरात त्या दिवशी कितपत पडले असेल, याची शंकाच आहे. पण सभागृहात एक पंचविशीतला जर्मन तरुण बसला होता. आगगाडीतून उतरून तो थेट तेथे आला होता. त्याने मात्र त्या भाषणातला शब्द न् शब्द झेलला, आणि पुढली सारी हयात त्या भाषणाच्या मागे घालवली.

बोर काय म्हणाले? त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. प्रकाश कधी लाटेसारखा वागतो, कधी कणांसारखा. दोन्ही वर्णने खरी, पण एका वेळी दोन्ही पाहता येत नाहीत; एक पाहू जावे तर दुसरे हातचे निसटते. निसर्गाचा हा हट्ट पदार्थविज्ञानाला निमूटपणे मान्य करावा लागला. मग जीवनाचेही असेच नसेल कशावरून? जिवंत प्राण्यातला प्रत्येक अणू कोठे आहे नि काय करतो हे शोधू म्हणाल, तर त्या शोधापायीच तो प्राणी मरेल. जीव पाहावा तर अणू दिसत नाहीत, अणू पाहावेत तर जीव उरत नाही. तेव्हा जीवन ही, प्रकाशाच्या द्वैताप्रमाणेच, मुळातच स्वीकारावी लागणारी गोष्ट असू शकेल.

त्या तरुणाचे नाव मॅक्स डेल्ब्रुक. पुढे तो नोबेल पारितोषिकाचा मानकरी झाला, तरी मी त्याला एकेरीच संबोधणार आहे. आपण कादंबरीकार मंडळी नायकाला अहो-जाहो करीत नाही, आणि ही गोष्ट एखाद्या कादंबरीपेक्षा कमी नाही.

बर्लिनच्या ग्रूनेवाल्ड उपनगरात १९०६ साली तो जन्मला. सात भावंडांतला धाकटा. वडील हान्स डेल्ब्रुक हे युद्धशास्त्राच्या इतिहासाचे नामांकित प्राध्यापक, आई प्रख्यात रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांची नात. शेजारही तसाच: एकीकडे मॅक्स प्लांक, दुसरीकडे मावशीचे यजमान, धर्मशास्त्राचे पंडित हारनाक, आणि पलीकडे बोनहोफर यांचे भरले घर. अशा आळीत वाढणाऱ्या धाकट्या पोराची पंचाईत ध्यानात घ्या. ज्या विषयाला हात घालावा, त्यात घरातला वा शेजारचा कोणी तरी आधीच पारंगत! आकाश तेवढे मोकळे होते. म्हणून मॅक्सने खगोलशास्त्र धरले. पुढे स्वतः त्यानेच सांगितले आहे की, थोरांच्या त्या गर्दीत आपले वेगळेपण राखायला ही युक्ती त्याने काढली होती.

पण गटिंगेन विद्यापीठात पोचल्यावर हेही मागे पडले. नवताऱ्यांवर लिहायला घेतलेला प्रबंध अर्ध्यावर टाकून हा गडी क्वांटमच्या नव्या विद्येकडे वळला, आणि १९३० साली त्याने डॉक्टरची पदवी घेतली. मग ब्रिस्टल, कोपनहेगन, झूरिक. एका गुरूकडून दुसऱ्या गुरूकडे जाण्याचा तो काळ होता. त्या वेळी त्याला कोणी विचारले असते, तर त्याने स्वतःला गणिती पदार्थवैज्ञानिकच म्हटले असते. आणि त्यातही तो सामान्य नव्हता. गॅमा किरण अणुगर्भाजवळून जाताना कसे विखुरतात यासंबंधी त्याने १९३३ साली बांधलेला एक तर्क पुढे खरा ठरला, आणि तो परिणाम आजही त्याच्याच नावाने ओळखला जातो.

बोर यांचे भाषण ऐकून तो बर्लिनला परतला, तो लीझे माइट्नर या विदुषींचा साहाय्यक म्हणून. अणुगर्भाच्या संशोधनात माइट्नरबाईंचा शब्द प्रमाण मानला जाई. डेल्ब्रुकने ही नोकरी घेतली त्याचे एक कारण मोठे मासलेवाईक आहे: शेजारीच जीवशास्त्राच्या संस्था होत्या! दिवसा तो युरेनियमची गणिते करी आणि संध्याकाळी आपल्या आईच्या घरी पाच-सात मित्रांची बैठक भरवी. तीत पदार्थवैज्ञानिक असत, जीवशास्त्रज्ञ असत, आणि वाद जनुकांवर चाले. गंमत अशी की, याच वर्षांत माइट्नर आणि त्यांचे सहकारी ओटो हान युरेनियमवर जे प्रयोग करीत होते, त्यांत अणुगर्भ फुटत होता, आणि ते कोणाच्याच ध्यानात येत नव्हते. त्यांच्या तैनातीला असलेल्या या सिद्धान्तकाराच्याही आले नाही. ते कोडे १९३८ च्या अखेरीस उलगडले, तेव्हा हा अमेरिकेत होता. मला वाटते, त्याचे चित्त थाऱ्यावर असते तर विसाव्या शतकातील एक मोठा शोध कदाचित त्याच्या नावावर लागला असता. पण चित्त दुसरीकडेच गुंतले होते.

त्या संध्याकाळच्या बैठकींतून १९३५ साली एक निबंध जन्मला. लिहिणारे तिघे: माश्यांवर क्ष-किरण सोडून त्यांच्या संततीतले बदल मोजणारा रशियन जीवशास्त्रज्ञ टिमोफेयेफ-रेसॉव्हस्की, किरणांचे मोजमाप जाणणारा झिमर, आणि आमचा डेल्ब्रुक. जनुक म्हणजे काही अमूर्त शक्ती नव्हे. तो अणूंचा एक स्थिर समूह असला पाहिजे, आणि किरणाचा धक्का बसला की त्याची मांडणी एकदम बदलते, असा त्यांचा निष्कर्ष होता. निबंध छापला गेला गटिंगेनच्या विद्वत्सभेच्या नियतकालिकात, म्हणजे जवळजवळ कोणी वाचू नये अशाच ठिकाणी. परंतु एक प्रत फिरत फिरत एर्विन श्रोडिंगर यांच्या हाती पडली. १९४३ साली डब्लिनमध्ये 'जीवन म्हणजे काय?' या विषयावर त्यांनी जी व्याख्याने दिली, त्यांत या निबंधाला त्यांनी मानाचे पान दिले. पुढल्याच वर्षी निघालेले त्यांचे ते छोटे पुस्तक वाचून कितीतरी तरुण जीवशास्त्राकडे धावले. लेखकाला न विचारता एखाद्या पुस्तकाचे भाग्य असे आडवाटेने फळफळते, हे आम्हां लिहिणाऱ्यांना ऐकून बरे वाटते.

दरम्यान जर्मनीत हिटलरची राजवट आली होती. विद्यापीठात व्याख्याता व्हायचे तर केवळ विद्वत्ता पुरत नसे. उमेदवाराला शिबिरात धाडीत. तेथे कवायती, राजवटीच्या तत्त्वज्ञानावर व्याख्याने आणि चर्चा. डेल्ब्रुकला तोंड आवरणे कधीच जमले नाही. तो राजकीयदृष्ट्या पुरेसा परिपक्व नाही, असा शेरा त्याला मिळाला. शेरे मारणे हा आमचा रोजचा धंदा. पण एखाद्याच्या प्रगतिपुस्तकावर यापेक्षा मोठे प्रशस्तिपत्र मी पाहिलेले नाही. १९३७ साली रॉकफेलर प्रतिष्ठानची शिष्यवृत्ती मिळाली आणि तो कॅलिफोर्नियाच्या तंत्रविद्या संस्थेत, म्हणजे कॅलटेकमध्ये, दाखल झाला.

तेथे माश्यांच्या आनुवंशिकतेचे सम्राट मॉर्गन यांचा दरबार होता. डेल्ब्रुकने माश्यांची शास्त्रीय भाषा शिकायचा प्रयत्न केला आणि तो कंटाळला. त्याला हवा होता जीवशास्त्रातला हायड्रोजनचा अणू! पदार्थविज्ञानाने अणूचे कोडे सोडवले ते लोखंडावर वा सोन्यावर नव्हे, तर सर्वांत साध्या हायड्रोजनवर. तसा सर्वांत साधा जीव कोठे मिळेल? तो मिळाला तळघरात. एमरी एलिस नावाचा एक संशोधक तेथे लॉस एंजेलिसच्या सांडपाण्यातून मिळवलेले फाज वाढवीत बसला होता.

फाज म्हणजे जंतूंना खाणारे विषाणू. जंतूच सूक्ष्म, तर त्याला ग्रासणारा विषाणू किती सूक्ष्म असेल याची कल्पनाच करावी. आपल्या देशाशीही त्याचा एक जुना धागा आहे: गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू टिकाव धरीत नाहीत, अशी नोंद हॅन्किन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८९६ सालीच केली होती, आणि त्यामागे हे फाजच असावेत असे पुढे अनेकांनी म्हटले. एलिसने पाहुण्याला एक काचेची थाळी दाखवली. थाळीभर जंतूंची साय धरलेली, आणि मध्ये मध्ये नितळ, गोल छिद्रे. जेथे एक फाज पडला तेथे एक छिद्र. डोळ्यांना न दिसणारी वस्तू, पण बोटाने मोजता येते! डेल्ब्रुक हरखून गेला. गणित्याला आणखी काय हवे? एक फाज जंतूत शिरतो, सुमारे अर्धा तास सारे सामसूम असते, आणि मग जंतू फुटून पिलावळच्या पिलावळ बाहेर पडते, हे दोघांनी १९३९ साली आकड्यांनिशी दाखवून दिले. एका जीवापासून तसाच दुसरा जीव कसा होतो, हा सृष्टीचा सगळ्यांत जुना प्रश्न. तो आता अर्ध्या तासाच्या प्रयोगात येऊन बसला.

पुढे महायुद्ध पेटले आणि परतीची वाट बंद झाली. नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकवायची नोकरी मिळाली. फाज हा फावल्या वेळचा धंदा. १९४० च्या डिसेंबरअखेर फिलाडेल्फियात त्याची साल्वादोर लुरिया याच्याशी गाठ पडली. लुरिया इटालियन ज्यू. मुसोलिनीच्या कायद्यांमुळे तो पॅरिसला पळाला, आणि जर्मन फौजा आल्या तेव्हा पॅरिसहून सायकलवर निसटला. लवकरच अमेरिका युद्धात उतरली, आणि एक जर्मन नि एक इटालियन असे हे दोघे सरकारी कागदांवर 'शत्रूराष्ट्राचे नागरिक' ठरले. युद्धाच्या गुप्त कामांत त्यांना प्रवेश नव्हता. पुढल्या काळात बाकीचे पदार्थवैज्ञानिक बाँबच्या मागे लागले असताना या दोघांना फाज मोजायला मुबलक सवड मिळाली.

आता जी गोष्ट सांगायची आहे ती दिवाळीला साजेशी आहे. आपल्या बलिप्रतिपदेला द्यूतप्रतिपदा असेही नाव आहे, आणि विज्ञानातील एक नामांकित प्रयोग खरोखरच जुगारातून सुचला आहे.

प्रश्न असा होता: जंतूंवर फाज सोडले की कोट्यवधी मरतात, पण थोडे तगतात, आणि त्यांची प्रजाही तगते. हे तगणारे कोठून आले? फाजशी गाठ पडल्यावर त्या धक्क्याने ते निबर झाले, की गाठ पडण्यापूर्वीच, कोणाच्या ध्यानीमनी नसता, त्यांच्यात काही बदल होऊन गेला होता? वरवर पाहता हे कधी कळणारच नाही असे वाटते. कारण तगला कोण हे फाज सोडल्यावाचून समजत नाही.

१९४३ च्या सुरुवातीस लुरिया इंडियाना विद्यापीठात होता. प्राध्यापकांच्या एका नाचाच्या कार्यक्रमात एक सहकारी जुगाराच्या यंत्रात नाणी टाकीत होता नि हरत होता. लुरिया त्याची थट्टा करीत उभा. इतक्यात यंत्राने नाण्यांची रास ओकली! सहकाऱ्याने लुरियाकडे जळजळीत नजर टाकली आणि तो चालता झाला. लुरिया मात्र त्या यंत्राकडे पाहतच राहिला. बहुतेक वेळा शून्य, आणि क्वचित एकदम घबाड. उत्तर तेथेच होते.

समजा, थोडे थोडे जंतू वेगवेगळ्या नळ्यांत घालून स्वतंत्र वाढू दिले, आणि मग प्रत्येक नळीवर फाज सोडले. निबरपणा जर फाजच्या धक्क्याने येत असेल, तर सगळ्या नळ्यांत तगणारे साधारण सारखेच निघतील. पण तो बदल आधीच, नशिबाच्या फाशांप्रमाणे होत असेल, तर? एखाद्या नळीत तो लवकर झाला असेल, आणि त्या मूळपुरुषाचा वंश फोफावून शेकड्यांनी तगेल. दुसरीत तो अगदी अखेरीस झाला असेल, तर एक-दोन. आणि बहुतेकांत झालाच नसेल. लुरियाने प्रयोग केला आणि डेल्ब्रुकला पत्र धाडले. डेल्ब्रुकने त्यामागचे गणित बसवून टपालाने परत पाठवले. एका प्रयोगातले आकडे पाहा: २० नळ्यांपैकी ११ नळ्यांत शून्य, काहींत एक, तीन, पाच, पण एकीत ६४ आणि एकीत १०७! घबाडच ते. जंतूंनाही जनुके असतात, त्यांच्यातही बदल दैवाने होतात आणि मग परिस्थिती निवड करते, असे त्या ओबडधोबड आकड्यांनी सिद्ध केले. एक पैशाचे नवे उपकरण लागले नाही. नळ्या, थाळ्या, मोजायची चिकाटी आणि एक सुरेख विचार, एवढेच भांडवल. औषधांना दाद न देणारे जंतू आज कसे निपजतात हे डॉक्टर समजावून सांगतात, त्याच्या मुळाशी हाच प्रयोग आहे.

डेल्ब्रुक पदार्थविज्ञानातून जीवशास्त्रात आला तो समीकरणांचे गाठोडे घेऊन, असे पुष्कळांना वाटते. मला ते पटत नाही. त्याने बरोबर आणला तो कोपनहेगनचा बाणा. प्रश्न सर्वांत साधा करा, मोजता येईल ते मोजा, आणि एकमेकांची भीड धरू नका. १९४४ साली त्याने सर्वांकडून कबूल करून घेतले की, यापुढे ठराविक सात फाजांवरच काम करावयाचे, म्हणजे एकाचे आकडे दुसऱ्याशी ताडून पाहता येतील. १९४५ पासून न्यूयॉर्कजवळच्या कोल्ड स्प्रिंग हार्बर येथे दर उन्हाळ्यात फाजचा वर्ग सुरू झाला. अणुबाँबच्या कल्पनेचा एक जनक लिओ झिलार्डसुद्धा १९४७ साली त्या वर्गात विद्यार्थी म्हणून येऊन बसला. व्याख्यान चालू असता, आपला यातल्या एका अक्षरावरही विश्वास बसत नाही, असे डेल्ब्रुक बेधडक म्हणे. आणि व्याख्यान संपल्यावर, इतके वाईट व्याख्यान आपण ऐकले नव्हते, असेही सांगे. तरी तरुण त्याच्याभोवती गोळा होत, आणि सुट्टीत तो त्यांना वाळवंटात मुक्कामाला घेऊन जाई. भीड नसलेल्या माणसाची माया निराळीच असते.

हे सारे चालले असताना ग्रूनेवाल्डच्या त्या आळीत काय घडत होते? त्याची बहीण एमी शेजारच्या बोनहोफर घरात दिली होती. तिचे यजमान क्लाउस आणि दीर डीट्रिख हे हिटलरविरुद्धच्या कटात होते. मॅक्सचा थोरला भाऊ युस्टुस हाही त्यात होता. १९४५ च्या एप्रिलात डीट्रिखला फाशी दिले. त्याच महिन्यात, रशियन फौजा बर्लिनमध्ये शिरत असताना, क्लाउसला गोळी घातली. युस्टुस नाझींच्या तुरुंगातून जिवंत सुटला, पण रशियनांनी त्याला पकडले, आणि त्यांच्या छावणीत ऑक्टोबरमध्ये त्याचा अंत झाला. इकडे कोल्ड स्प्रिंग हार्बरचा पहिला वर्ग भरला तो याच वर्षीच्या उन्हाळ्यात. बर्लिनच्या जुन्या बैठकीतला टिमोफेयेफ रशियाच्या बंदिवासात जाऊन पडला होता. डेल्ब्रुकने त्या वर्षी अमेरिकेचे नागरिकत्व घेतले.

१९४७ साली तो प्राध्यापक म्हणून कॅलटेकला परतला. आणि मग त्याच्या आयुष्यातला सर्वांत चमत्कारिक प्रसंग आला. जेम्स वॉटसन हा लुरियाचा विद्यार्थी, म्हणजे या घराण्यातलाच. १२ मार्च १९५३ रोजी त्याने केंब्रिजहून डेल्ब्रुकला पत्र लिहिले: डीएनएची रचना सापडली आहे, दोन धाग्यांचा पीळ, समोरासमोर ठरलेल्या जोड्या. प्रतिस्पर्धी पॉलिंग कॅलटेकमध्येच असल्याने त्याला सांगू नका, असेही विनवले होते. डेल्ब्रुकला गुपिते ठेवणे आवडत नसे. त्याने पत्र पॉलिंगला दाखवले!

ते पत्र वाचून त्याला काय वाटले असेल? एकापासून दुसरे कसे होते, या प्रश्नाचे उत्तर त्या कागदावर होते. वीस वर्षे तो ज्याच्या मागे होता तेच. पण त्यात बोर यांचे कोडे कोठेही नव्हते. दोन धागे सुटावेत, प्रत्येकाने आपला जोडीदार जमवावा, की झाल्या दोन प्रती. शाळकरी पोराला खडूने फळ्यावर काढून दाखवावे इतके सोपे! जीवनाच्या गाभ्यात पदार्थविज्ञानाला नवा, अद्भुत विरोधाभास भेटेल म्हणून जो घरदार सोडून निघाला, त्याच्याच चेल्यांनी तेथे साधे रसायनशास्त्र असल्याचे दाखवून दिले. जग या शोधाचा जयजयकार करीत असता डेल्ब्रुकने फाजांना रामराम ठोकला होता.

कारण त्याची आशा सुटली नव्हती. जननात नाही तर संवेदनेत असेल! त्याने फायकोमायसीस नावाची एक बुरशी हाती घेतली. तिचा केसासारखा देठ काही सेंटिमीटर वाढतो, अंधुक उजेड ओळखून तिकडे वाकतो, आणि जवळ एखादी भिंत आणली तर, स्पर्श न होताही, अगदी काळोखातसुद्धा, तिच्यापासून दूर झुकतो. जिवाला जगाची चाहूल लागते तरी कशी? तांबड्या दिव्याच्या खोल्यांत विद्यार्थ्यांसह त्याने यापायी वर्षानुवर्षे घालवली. फाजसारखे यश येथे आले नाही. सहकारी हळहळत, पण तो नेटाने मोजत राहिला.

१९६२ च्या जूनमध्ये जर्मनीत कोलोन विद्यापीठातील आनुवंशिकतेच्या नव्या संस्थेचे उद्घाटन झाले. डेल्ब्रुक तिच्या उभारणीसाठी मुद्दाम मायदेशी येऊन राहिला होता. उद्घाटनाचे व्याख्यान द्यायला आले होते नील्स बोर, आणि विषय होता तीस वर्षांपूर्वीचाच: प्रकाश आणि जीवन, पुन्हा एकदा. गुरूने जुन्या मतास मुरड घातली; जीवशास्त्रात भौतिक-रासायनिक स्पष्टीकरणाला मूलभूत मर्यादा असेल असे मानण्याचे कारण आता दिसत नाही, अशा आशयाचे ते बोलले. त्या भाषणाचा मजकूर ते छापण्यासाठी नीट करीत होते, पण तो अपुराच राहिला. नोव्हेंबरमध्ये बोर वारले.

शिष्य कॅलिफोर्नियाला आपल्या बुरशीकडे परतला. १९६९ साली लुरिया आणि हर्शी यांच्यासह त्याला नोबेल पारितोषिक मिळाले, ते अर्थातच फाजांसाठी. त्याच वर्षी साहित्याचे पारितोषिक सॅम्युएल बेकेट यांना होते, आणि डेल्ब्रुक बेकेटचा मोठा चाहता. पुढे त्याने बेकेटच्या नजरेतून शास्त्रज्ञ कसा दिसतो यावर व्याख्यान दिले. ॲरिस्टॉटलवर एक खट्याळ निबंध लिहून, डीएनएमागचे तत्त्व त्या म्हाताऱ्याला सुचले होते म्हणून त्यालाही नोबेल द्यावे, असे सुचवले. १९७७ साली तो निवृत्त झाला. पदार्थातून मन कसे उपजले, या विषयावरची त्याची व्याख्याने पुस्तकरूपाने निघाली ती १९८६ साली, त्याच्या मागे. १९८१ च्या मार्चमध्ये पॅसाडेना येथे तो वारला. त्याच महिन्याच्या अखेरीस, तिकडे रशियात, ऑब्निन्स्क गावी टिमोफेयेफ गेला.